ग्रंथतालिका, कृत्रिम बुद्धिमत्ता आणि आपली जबाबदारी

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत 'राजगृह' बांधले, ते मुख्यतः आपल्या ग्रंथांसाठी. ग्रंथ जमवणे जितके महत्त्वाचे, तितकेच तो वाचकाला हवा तेव्हा सापडणेही महत्त्वाचे. हे काम ग्रंथतालिका करते. ग्रंथाचे नाव, लेखक, प्रकाशनवर्ष, विषयशीर्षके आणि वर्गांक यांची ती शिस्तबद्ध नोंद होय. आता ही नोंद कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने करता येते. ज्या शाळांत ग्रंथालयाचा भार अध्यापन सांभाळून एखादा शिक्षकच वाहतो, तिथे ही मदत मोलाची आहे.

शीर्षकपृष्ठाचे छायाचित्र दिले की यंत्र त्यावरील अक्षरे वाचते, नोंदीचा मसुदा तयार करते आणि विषय सुचवते. एकाच गोष्टीची अनेक नावेही ते जोडू शकते. आपल्याच पालघर जिल्ह्यातील सोपारा येथे 1882 मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूपाचे उत्खनन केले. हे स्थळ संस्कृत ग्रंथांत शूर्पारक, पालीत सुप्पारक आणि आज नालासोपारा म्हणून ओळखले जाते. तालिकेत ही नावे जोडलेली असतील, तर विद्यार्थ्याने कोणतेही नाव शोधले तरी सर्व ग्रंथ त्याच्यासमोर येतात.

मात्र यंत्राला ग्रंथाचा अर्थ माणसासारखा कळत नाही. पूर्वीचे लेखन आणि पूर्वीच्या तालिका यांवरून ते संभाव्य उत्तर बांधते. म्हणून जुन्या तालिकांतील दृष्टिदोषही त्याच्याकडे वारशाने येतात. 1876 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ड्युई दशांश वर्गीकरणात धर्म या विषयाला 200 ते 299 हे अंक आहेत. त्यांतील बहुतांश जागा ख्रिस्ती धर्माने व्यापली असून बौद्ध धम्माच्या वाट्याला 294.3 एवढाच कप्पा आला आहे.

केवळ शीर्षकावर विसंबले तर काय होईल, हेही पाहू. गोदावरी परुळेकर यांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक यंत्र सहज मानसशास्त्रात ढकलेल. वास्तविक ते तलासरी-डहाणू भागातील वारली बांधवांनी 1945 मध्ये वेठबिगारीविरुद्ध उभारलेल्या लढ्याचे कथन आहे. असे झाले तर त्या लढवय्यांच्या पणतवंडाला आपल्याच शाळेत आपलाच इतिहास सापडणार नाही. चुकीच्या कप्प्यात गेलेला ग्रंथ वाचकापुरता हरवलेलाच असतो.

लक्ष्मण गायकवाड यांचे 'उचल्या' हे 1987 चे आत्मकथन 'गुन्हेगारी' या शीर्षकाखाली गेले, तर तो अन्यायच ठरेल. 1871 च्या कायद्याने ब्रिटिश सरकारने संपूर्ण जमातींची नोंद जन्मतः गुन्हेगार म्हणून केली. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला. कागदावरची नोंद माणसाचे आयुष्य कसे जखडते, हे आपल्या समाजाला वेगळे सांगायला नको. जो शिक्का कायद्याने पुसला, तो यंत्राच्या हातून पुन्हा उमटू देता कामा नये.

म्हणून आम्हांला चार नियम आवश्यक वाटतात. पहिला, यंत्राने केलेली प्रत्येक नोंद माणसाने ग्रंथ हातात घेऊन तपासावी, कारण यंत्र कधी कधी नसलेला लेखक किंवा चुकीचे वर्षही आत्मविश्वासाने सांगते. दुसरा, समाजांविषयीची विषयशीर्षके त्या समाजांतील जाणकारांना विचारून ठरवावीत. तिसरा, कोणता विद्यार्थी काय वाचतो ही माहिती बाहेरच्या यंत्रणेला देऊ नये. 2023 च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यानेही अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक मानली आहे. चौथा, नोंद कोणी तपासली त्याचे नाव ग्रंथालयाकडे असावे, म्हणजे चूक दाखवणाऱ्याला दुरुस्ती कोणाकडे मागायची हे कळेल.

बेटेगाव, बोईसर, तारापूर परिसरातील आमच्या माजी विद्यार्थ्यांत कोणी संगणक जाणतात, कोणी पाली, तर कोणी वारली बोली. ग्रंथदानाइतकेच तुमच्या या जाणकारीचे दानही ग्रंथालयाला हवे आहे. महिन्यातील एक रविवार नोंदी तपासण्यासाठी द्यावा, ही आमची विनंती आहे.