पाण्यावर उभे राहताना

दिवाळीला पुण्याहून पुतण्या आला तो पाठीवर भलीमोठी पिशवी घेऊन. आमच्या मंडळींना वाटले, वहिनींनी फराळ पाठवला असेल. त्याने अंगणात पिशवी उघडली, पंप मारमारून हवा भरली आणि पाहता पाहता दारापेक्षा उंच अशी एक फुगीर फळी तुळशीवृंदावनाशेजारी उभी राहिली. स्टँड-अप पॅडल बोर्ड! तिच्यावर उभे राहायचे आणि लांब दांड्याच्या एकाच वल्ह्याने पाणी कापत जायचे.

"काका, ही मित्राची आहे. वैनगंगेवर शूटिंग करून पाहतो, मग स्वतःची घेतो. कोणती घेऊ?"

बँकेत उमेदीची वर्षे घालवून उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिणाऱ्या माणसाला हा प्रश्न! पण खरे सांगतो, उत्तर मला ठाऊक होते. ते मी 1991 साली शिकलो होतो, आणि त्याची किंमत दुसऱ्याने मोजली होती.

हा खेळ हवाई बेटांवरचा. विसाव्या शतकाच्या मध्यावर तिथल्या वायकीकी किनाऱ्यावर लाटांवरची फळी शिकवणारे शिक्षक स्वतः फळीवर वल्हे घेऊन उभे राहत. उभ्याने लांबवरच्या लाटा दिसत, शिष्यांवर लक्ष राही, आणि गळ्यातल्या कॅमेऱ्याने पाहुण्यांचे फोटोही काढता येत. म्हणजे या फळीची आणि कॅमेऱ्याची सोयरीक जुनीच. पुढे एकविसाव्या शतकाच्या आरंभी लेअर्ड हॅमिल्टनसारख्या नामवंतांनी हा प्रकार पुन्हा उचलून धरला आणि तो जगभर पसरला.

आमच्या भागात मात्र पाण्यावर उभे राहणे हा खेळ कधीच नव्हता. चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांच्या मधून वैनगंगा वाहते. 26 ऑगस्ट 1982 रोजी जिल्हे दोन झाले, पण सोयरेधायरे दोन्ही तीरांवर. त्यांना जोडत होता तो ढिवराचा डोंगा. तिकडे भामरागडला तर पावसाळ्यात पर्लकोटेचे पाणी पुलावर चढले की गावाचा संपर्कच तुटायचा. डोंगा चालवणारा मागच्या टोकाला उभा राहतो, बांबू तळाला टेकवतो आणि अंगाचा भार देत डोंगा पुढे रेटतो.

1991 साली मी चामोर्शी तालुक्यातल्या एका शाखेत होतो. मार्कंड्याजवळचा एक ढिवर डोंग्यासाठी कर्ज मागायला आला. त्याला रुंद डोंगा हवा होता. मी चौकशी केली. तेवढ्याच लांबीचा अरुंद डोंगा दीड हजाराने स्वस्त मिळत होता. मी कागदावर तेवढी रक्कम कापली. तो म्हणाला, "साहेब, लांबी कमी चालते, पन रुंदी पायजे जी." मी हसलो आणि सही केली.

पुढे तपासणीसाठी त्याच डोंग्यात बसून निघालो. मधोमध गेल्यावर मी ब्रीफकेस सावरायला जरा वळलो मात्र, डोंगा कलंडला! पाणी छातीएवढेच होते म्हणून निभावले. त्याने मला ओढून काठावर आणले. ब्रीफकेस वाहून गेली. त्या पावसाळ्यात त्याने बायाबापड्यांना डोंग्यात घेणे बंद केले. एकटाच मासे धरू लागला. पलीकडच्या बाजाराला जाणारे गाव लांबच्या वाटेने जाऊ लागले. हप्ते मात्र त्याने वेळेवर भरले. माझ्या कागदोपत्री ते कर्ज उत्तम ठरले.

म्हणून पुतण्याला पहिली गोष्ट सांगितली ती रुंदीची. शर्यतीची फळी लांब आणि अरुंद असते. ती वेगाने जाते, पण कॅमेरा घेतलेल्या माणसाला वेग नको, स्थैर्य हवे. साधारण साडेदहा-अकरा फूट लांब आणि 33-34 इंच रुंद फळी त्याला बरी. दुसरी गोष्ट वजनाची. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, हा साधा हिशेब. फळीचे घनफळ लिटरमध्ये लिहिलेले असते. माणूस, कॅमेरा, पिशवी यांच्या एकूण वजनाच्या दुपटीच्या आसपास ते असावे. हवा पुरती भरावी, नाहीतर फळी मधोमध वाकते. फळीखालचा पंखा आखूड घ्यावा, कारण दिवाळीनंतर आमच्या नद्या उथळ होतात आणि लांब पंखा खडकाला अडतो.

चित्रीकरणाचे म्हणाल तर गुडघे किंचित वाकलेले आणि नजर क्षितिजावर. मनासारखे चित्र हवे असेल तर फळीवर सरळ गुडघे टेकावेत. त्यात कमीपणा नाही. कॅमेरा तरंगणाऱ्या पट्ट्याला बांधावा. लाइफ जॅकेट घातलेच पाहिजे. वाहत्या पाण्यात फळीची दोरी घोट्याला बांधू नये. झाडाच्या फांदीत अडकली तर माणूस पाण्याखाली धरला जातो. ती कमरेला, एका झटक्यात सुटेल अशी बांधतात. वर गोसीखुर्द धरण आहे. पाणी सोडल्याची सूचना विचारूनच नदीत उतरावे. आणि ताडोब्याच्या तळ्याचे नावही काढू नये. तिथे मगरी आहेत आणि वनखात्याचे नियमही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मार्कंड्याला गेलो. पुतण्या दोनदा पडला, तिसऱ्यांदा उभा राहिला. त्याला मिळालेले सर्वांत चांगले दृश्य मात्र फळीवरून घेतलेले नव्हते. एका तरुण ढिवराच्या डोंग्यात बसून त्याने त्या पोराची पावले टिपली. डोंगा डुलत होता, पावले जागची हलत नव्हती.

मग त्या पोराने फळी मागितली. पहिल्याच झटक्यात उभा राहिला, एक फेरी मारून आला. "हलकी हाय जी. रुंदीबी बरी हाय," तो म्हणाला. मग जरा थांबून विचारले, "किती मानसं बसतात हिच्यावर?"

"एकच," पुतण्या हसून म्हणाला.

पोरगा काही बोलला नाही. फळी काठाला लावून तो आपल्या डोंग्याकडे गेला. पलीकडच्या तीरावर दोन बाया डोक्यावर पाट्या घेऊन केव्हाच्या उभ्या होत्या.