परदेशी मुलांकडे राहायला जाताना

भातकापणी उरकली की माझ्या कर्जतच्या दवाखान्यात एक ठरावीक प्रश्न येऊ लागतो : "डॉक्टर, आम्ही आता कायमचे मुलांकडे जावे का?" दोन वर्षांपूर्वी तो खोपोलीच्या एका कारखान्यातून निवृत्त झालेल्या, ७४ वर्षांच्या गृहस्थांनी विचारला. त्यांची बायपास झालेली, पत्नीला मधुमेह. लेक न्यू जर्सीत, तेथील नागरिक झालेली. "दहा वर्षांचा व्हिसा आहेच की," ते म्हणाले.

येथेच पुष्कळांची गल्लत होते. दहा वर्षे ही व्हिसाची मुदत. प्रत्यक्ष मुक्काम किती, हे विमानतळावरील अधिकारी ठरवतो आणि तो साधारणतः सहा महिन्यांचा असतो. औषधे मात्र सोबत सुमारे ९० दिवसांपुरतीच नेता येतात. उरलेल्या तीन महिन्यांची सोय निघण्यापूर्वीच ठरवावी. चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे, कारण येथील कंपन्यांची नावे तेथे कोणी ओळखत नाही. आपले पॅरासिटामॉलसुद्धा तेथे अ‍ॅसिटामिनोफेन होते! प्रवासविम्यातील जुन्या आजारांचे कलम तर दोनदा वाचावे. हृदयविकार आणि मधुमेह त्यातून अनेकदा वगळलेले असतात.

ग्रीन कार्डाची वाट निराळी. नागरिक असलेले, २१ वर्षे पूर्ण झालेले अपत्य आईवडिलांसाठी अर्ज करू शकते. त्यासाठीची वैद्यकीय तपासणी वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडेच होते. माझे प्रमाणपत्र तेथे चालत नाही. छातीच्या एक्स-रेत जुन्या क्षयाचा डाग दिसला, तर थुंकीच्या तपासणीत दोनेक महिने सहज जातात. क्षयावरील उपचारांचे जुने कागद म्हणूनच फेकू नयेत.

खरी अडचण पुढे आहे. राहण्याची परवानगी म्हणजे उपचारांचा हक्क नव्हे. तेथे कधी नोकरी न केलेल्या ज्येष्ठांना मेडिकेअर ही सरकारी विमायोजना सलग पाच वर्षांच्या वास्तव्यानंतर, तीही हप्ता भरून मिळते. तोवर खासगी विम्याचा भार बहुधा मुलांवरच पडतो. शिवाय परवानगी न घेता वर्षाहून अधिक काळ बाहेर राहिल्यास कार्डच धोक्यात येते. कॅनडाचा सुपर व्हिसा एका वेळी पाच वर्षे राहू देतो, पण किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा आरोग्यविमा मागतो. इकडे २०२४ पासून सत्तरी ओलांडलेल्यांना, उत्पन्न कितीही असो, आयुष्मान भारतमध्ये वर्षाला पाच लाखांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे संरक्षण आहे. बायपास झालेल्या माणसाने हा हिशेब कागदावर मांडावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

गृहस्थ गप्प झाले. मग काकूंनी विचारले, "लेक दिवसभर कामावर. दुपारी यांच्या छातीत दुखले, तर मी कोणत्या भाषेत सांगू?" मी त्यांना ९११ हा क्रमांक आणि इंग्रजीतील चार वाक्ये मराठी अक्षरांत लिहून दिली. त्या त्यांनी पाठ केल्या.

मे महिन्यात दोघे पाहुणे म्हणून गेले आणि ऑक्टोबरअखेर परतले. ग्रीन कार्डाचा अर्ज लेकीने अजून भरलेला नाही. तो कागद काकूंच्या पर्समध्ये मात्र अजून आहे.