विलायती दुकान ते खादी भांडार : एका इमारतीची कहाणी

ऐतिहासिक वास्तू म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे किल्ला, मंदिर किंवा मशीद उभी राहते. आपल्या जिल्ह्यात कंधारचा किल्ला आहे, होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे आहेत आणि खुद्द बिलोलीत नवाब सर्फराजखान यांची दगडी मशीद आहे. परंतु एखादे दुकान ऐतिहासिक वास्तू होऊ शकते काय? गेल्या सुट्टीत मुंबईस मामांकडे गेलो असता हा प्रश्न मला प्रथम पडला.

मामा बांधकामावर मजुरी करतात. एका रविवारी ते मला फोर्ट भाग दाखवावयास घेऊन गेले. दादाभाई नौरोजी मार्गावर एका जुन्या, भव्य इमारतीसमोर आम्ही थांबलो. मामा म्हणाले, "ही खादी भांडाराची इमारत. येता-जाता कितीदा पाहिली, पण आत कधी गेलो नाही. आपल्यासारख्याला आत घेतात का नाही, कुणाला ठाऊक!" मामांचे हे वाक्य मनात घर करून बसले. म्हणूनच या इमारतीची माहिती मिळवून ती आपणांपुढे मांडीत आहे.

ज्याला इंग्रजीत 'डिपार्टमेंट स्टोअर' म्हणतात ते दुकान म्हणजे एका छपराखाली भरलेला बाजारच होय. कापड, जोडे, टोप्या, भांडी, सामानसुमान यांची वेगवेगळी खाती. प्रत्येक खात्याचे स्वतंत्र विक्रेते. आणि मालक मात्र एकच. पॅरिस येथील 'बॉन मार्शे' हे अशा दुकानांचे आद्य उदाहरण समजले जाते. अरिस्तिद बुसिको हा १८५२ मध्ये त्या दुकानात भागीदार झाला. त्याचे नियम त्या काळी नवलाचे होते. प्रत्येक वस्तूवर किंमत लिहिलेली असे व ती सर्वांना सारखीच. आत येणाऱ्यावर खरेदीची सक्ती नसे. पसंत न पडलेला माल परत घेतला जाई. १८६९ मध्ये त्या दुकानाच्या नव्या इमारतीचे काम सुरू झाले. तीत लोखंड व काच यांचा सढळ वापर केला होता. लोखंडी खांबांनी भार पेलला की मधल्या जाड भिंतींची गरज उरत नाही. दालने मोठी होतात, भरपूर उजेड येतो आणि माल दुरूनही दिसतो. किल्ला शत्रूला बाहेर ठेवण्यासाठी बांधतात, तर ही इमारत गिऱ्हाइकाला आत बोलावण्यासाठी!

हीच पद्धत आपल्या देशात आणणाऱ्यांपैकी एक म्हणजे 'व्हाइटअवे, लेडलॉ आणि कंपनी'. रॉबर्ट लेडलॉ या स्कॉटिश व्यापाऱ्याने आपल्या भागीदारासह १८८२ मध्ये कलकत्त्यास ही पेढी काढली. पुढे मुंबई, मद्रास, लाहोर, रंगून, सिंगापूर अशा अनेक शहरांत तिच्या शाखा निघाल्या. लेडलॉ स्वतः १९०६ ते १९१० या काळात ब्रिटिश पार्लमेंटचा सभासद होता.

मुंबईची शाखा हॉर्नबी रोडवर होती. हाच आजचा दादाभाई नौरोजी मार्ग. १८६० नंतरच्या दशकात गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या कारकिर्दीत मुंबईच्या कोटाच्या भिंती पाडण्यात आल्या आणि मग हा अरुंद रस्ता रुंद झाला. १८९६ मध्ये सरकारने नियम केला, की येथील इमारतींनी तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींची ओसरी ठेवावी. त्यामुळे कोणी गॉथिक धर्तीची इमारत बांधली, कोणी ग्रीक-रोमन धर्तीची, तरी कमानींच्या एका ओळीने सारा रस्ता एकत्र गुंफला गेला. ऊन-पावसातही लोक चालत राहत आणि चालता चालता काचेआडचा माल पाहत. व्हाइटअवे लेडलॉची नव-अभिजात शैलीतील इमारत १९०५ च्या सुमारास उभी राहिली. या रस्त्याच्या जतनकार्याचा 'युनेस्को'ने २००४ मध्ये गौरव केला आहे.

या दुकानाचा एक कडक नियम होता. उधारी नाही! त्यावरून इंग्रज लोक थट्टेने त्याला 'राइट-अवे अँड पेड-फॉर', म्हणजे 'ताबडतोब घ्या नि रोख मोजा', असे म्हणत. हे वाचले तेव्हा मला माझे आजोबा आठवले. आमच्या घरचे कापड सुगीच्या वायद्यावर येई. दुकानदार आजोबांकडे पाहून भाव सांगे व वहीत लिही. आजोबांना वाचता येत नसे. वहीत काय लिहिले हे त्यांना कधीच कळले नाही. सर्वांना एकच भाव, तोही लिहिलेला, ही गोष्ट आजोबांसारख्यांच्या फायद्याची खरी. पण रोख पैसा वर्षातून एकदाच ज्याच्या हाती येतो, त्याला रोखीचे दुकान काय कामाचे? त्याच्यासाठी दार उघडे असूनही बंदच!

त्यातून हे दुकान होते विलायती मालाचे. ३१ जुलै १९२१ रोजी मुंबईत परळ येथे गांधीजींनी परदेशी कापडाची होळी केली. १२ डिसेंबर १९३० रोजी काळबादेवी भागात बाबू गेनू हा गिरणी कामगार विलायती कापडाच्या मोटारीपुढे आडवा पडून हुतात्मा झाला. ते ठिकाण हॉर्नबी रोडपासून फार लांब नाही. पुढे देश स्वतंत्र झाला आणि मेट्रोपॉलिटन इन्शुरन्स हाउस या नावाने ओळखल्या जाऊ लागलेल्या या इमारतीत १९५४ पासून मुंबई खादी व ग्रामोद्योग असोसिएशनने खादी भांडार चालविले. जेथे मँचेस्टरचे राज्य होते, तेथे चरख्याचे सूत विराजमान झाले! इतिहासाने घेतलेला याहून मोठा सूड कोणता?

खादीशी आपलेही नाते आहे. उदगीरच्या केंद्रात विणलेल्या खादीपासून नांदेडची मराठवाडा खादी ग्रामोद्योग समिती राष्ट्रध्वज तयार करते आणि ते देशात दूरवर जातात. परंतु ३० डिसेंबर २०२१ रोजी ध्वजसंहितेत बदल होऊन यंत्रावरच्या व पॉलिएस्टरच्या ध्वजांनाही परवानगी मिळाली. पाठोपाठ जानेवारी २०२२ मध्ये खादी व ग्रामोद्योग आयोगाने मुंबईच्या त्या भांडाराचे खादी प्रमाणपत्र रद्द केले. खादी नसलेला माल खादी म्हणून विकला जातो, असा ठपका आयोगाने ठेवला होता.

मित्रहो, इमारत शंभरावर वर्षे टिकते, पण तिच्यावरची पाटी खरी ठेवणे हे माणसांचे काम आहे. दुकान म्हणजे शेवटी विश्वासच. लिहिलेला भाव खरा असावा, माल खरा असावा आणि आत येण्यास कोणाला भीती वाटू नये. मग ते मुंबईचे भव्य दुकान असो की आपल्या आठवडी बाजारातील पाल.

आमच्या घराण्यात महाविद्यालयाची पायरी चढणारा मी पहिलाच. पहिल्या दिवशी फाटकापाशी मीही मामांसारखाच घुटमळलो होतो. मामांना मी पत्राने कळविले आहे, "दुकानात शिरायला पैसे पडत नाहीत, हा नियम दीडशे वर्षांपूर्वीचा आहे. पुढच्या खेपेस कोणत्याही मोठ्या दुकानात आपण दोघे मिळून जाऊ. काही घेतले नाही तरी चालेल."