रजिस्टर वेगळं, दाखला वेगळा

अक्कलकोट-मोहोळहून सोलापुरात शिकायला येणारी मुलं वर्षाच्या सुरुवातीला कॉलेजच्या ऑफिसात बोनाफाईडसाठी रांग लावतात. क्लार्क रजिस्टरात नाव बघतो, दाखला लिहितो, शिक्का मारतो. पुढे पास देणारा एसटीचा माणूस रजिस्टर मागत नाही. त्याला शिक्का पुरतो. कॉलेजचा वार्षिक अंक किंवा विभागाचं बातमीपत्र वर्डप्रेसवर आणून सगळ्यांना एकाच आयडीने लॉगिन द्यायचं ठरलं की जे घोळ होतात, त्यातले बरेचसे रजिस्टर आणि दाखला यांची गल्लत केल्याने होतात.

‘एलडॅप जोडलं, म्हणजे सिंगल साइन-ऑन झालं’ हा सगळ्यांत मोठा गैरसमज. एलडॅप ही रजिस्टर वाचायची पद्धत आहे. एक्स-५०० ही जड व्यवस्था हलकी करण्यासाठी ती १९९३च्या सुमारास अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात आकाराला आली. वर्डप्रेसला एलडॅपचं प्लगइन लावलं की विद्यार्थी पासवर्ड वर्डप्रेसच्याच चौकटीत टाकतो आणि वर्डप्रेस तो डिरेक्टरीला, म्हणजे त्या रजिस्टरला, दाखवून ‘बरोबर आहे का?’ विचारतं. ग्रंथालयाचं सॉफ्टवेअरही तेच करतं. पासवर्ड एकच असला तरी तो दर ठिकाणी नव्याने टाकावा लागतो आणि प्रत्येक सॉफ्टवेअरच्या हातातून जातो. त्यातलं एखादं कोणी फोडलं, तर तिथून लॉगिन करणाऱ्या सगळ्यांचे पासवर्ड धोक्यात येतात.

सिंगल साइन-ऑनमध्ये वर्डप्रेस विद्यार्थ्याला कॉलेजच्या लॉगिन सर्व्हरकडे पाठवतं. पासवर्ड फक्त तिथे टाकायचा. तिथून परत येतो तो डिजिटल सहीचा दाखला. २००५चं सॅमल २.० आणि २०१४चं ओपनआयडी कनेक्ट हे या दाखल्याचे दोन प्रचलित नमुने. बोनाफाईडवर ‘एसटी पाससाठी’ असं लिहितात, तसं या दाखल्यावरही तो कोणासाठी आहे ते लिहिलेलं असतं, आणि मुदत सहसा काही मिनिटांचीच असते. म्हणून सर्व्हरचं घड्याळ दहा मिनिटं पुढेमागे असेल, तर पासवर्ड बरोबर असूनही दार उघडत नाही. अशा वेळी आधी घड्याळ बघावं.

माझं मत स्पष्ट आहे: कॉलेज लहान असलं तरी एलडॅपवर थांबू नये, दाखल्याची पद्धतच घ्यावी. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटची ‘इन्फेड’ व्यवस्था सॅमलवरच चालते. सदस्य संस्थेचा विद्यार्थी तिच्यामार्फत घरी बसून, आपल्याच कॉलेजच्या आयडीने, संशोधनपत्रिका वाचू शकतो. जानेवारी २०२५पासून संशोधनपत्रिकांची ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना सुरू झाल्यावर तर याची गरज वाढली आहे. वार्षिक अंकासाठी केलेली मेहनत तिथेही कामी येते.

‘हे महागडं प्रकरण आहे’ असंही ऐकू येतं. रजिस्टर ठेवणारं ओपनएलडॅप १९९८पासून आणि दाखले देणारं कीक्लोक २०१४पासून मोफत आहे. खर्च आहे तो ते नियमित अद्ययावत ठेवणाऱ्या माणसाचा, आणि तो टाळू नये.

आता खास सोलापूरची अडचण. इथे मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा घरांतली मुलं एका वर्गात बसतात. श्रीनिवासचं इंग्रजी स्पेलिंग एका कागदावर ‘एसएच’ने, दुसऱ्यावर नुसत्या ‘एस’ने. लग्नानंतर एखादीचं आडनाव बदलतं, मग ईमेलही. नावावर किंवा ईमेलवर ओळख बांधली असेल, तर वर्डप्रेस तिला नवी व्यक्ती समजतं आणि तिचे जुने लेख जुन्या खात्यावर अडकून राहतात. ओळख विद्यापीठाच्या पीआरएनवर, म्हणजे कायम नोंदणी क्रमांकावर, बांधावी. नाव बदललं तरी तो नंबर तोच राहतो. नाव देवनागरीत ठेवायलाही हरकत नाही. १९९७च्या एलडॅपच्या तिसऱ्या आवृत्तीपासून युनिकोड चालतं.

‘लॉगिन झालं, म्हणजे अधिकार मिळाला’ हेही खरं नाही. दाखला फक्त कोण आहे ते सांगतो. लिहायचं कोणी आणि प्रसिद्ध करायचं कोणी, हे संपादक मंडळाने ठरवायचं. नव्या खात्याला सुरुवातीला फक्त वाचकाचा दर्जा द्यावा.

एलडॅप वापरायचंच असेल, तर दोन गोष्टी विसरू नका. ३८९ क्रमांकाच्या पोर्टवरून साधा पासवर्ड उघडा जातो, कॉलेजच्या आतल्या नेटवर्कवरही. टीएलएसचं कूटलेखन लावलंच पाहिजे. दुसरी जास्त घातक: नाव देऊन पासवर्ड रिकामा ठेवला, तर काही सर्व्हर त्याला अनामिक भेट समजून ‘ठीक’ असं उत्तर देतात आणि कच्चं प्लगइन त्यालाच यशस्वी लॉगिन मानतं. बसवल्या दिवशी रिकाम्या पासवर्डने आत जाता येतं का, हे स्वतः करून बघा.

‘डिरेक्टरीतून काढलं की माणूस सगळीकडून गेला’ या समजुतीवर फार विसंबू नये. वर्डप्रेसचं चालू लॉगिन एरवी २ दिवस टिकतं, ‘मला लक्षात ठेवा’वर टिचकी मारली असेल तर १४ दिवस. ॲप्लिकेशन पासवर्ड तर वर्डप्रेसच्या स्वतःच्या नोंदीत असतात. ते वेगळे रद्द करावे लागतात. मात्र पदवी घेऊन गेलेल्या मुलीचं खातं पुसू नका. पुसताना लेख कोणाच्या नावावर करायचे असं विचारलं जातं, आणि घाईत चुकीचा पर्याय निवडला तर तीन वर्षांचं लिखाण जातं. अधिकार काढा, खातं राहू द्या, लेखाखाली तिचं नाव राहू द्या.

लॅबमध्येही सांभाळा. वर्डप्रेसमधून बाहेर पडल्याने लॉगिन सर्व्हरमधून बाहेर पडणं होतंच असं नाही. पुढच्या बॅचचा मुलगा त्याच खुर्चीत बसून तुमच्या नावाने आत जाऊ शकतो. सामायिक संगणकावर ब्राउझर बंद होताच सगळं पुसलं जाईल अशी व्यवस्था करावी. आणि लॉगिन सर्व्हर बंद पडेल त्या दिवसासाठी वर्डप्रेसमध्ये एक स्थानिक प्रशासक खातं ठेवावं. त्याचा लांबलचक पासवर्ड बंद पाकिटात, प्राचार्यांच्या कपाटात.