कॅनडाचे गुणपत्रक आधी घरी वाचा

कोकणातल्या आपल्या अनेक घरांनी आखाती देशांतल्या पगारावर संसार उभे केले. पण तिथे नोकरी संपली की परतीचे तिकीट काढावे लागते. म्हणून शिकलेली मुले आता कॅनडाकडे पाहतात, कारण तिथे कायमचा रहिवास मिळू शकतो. हा रहिवास वशिल्याने मिळत नाही, गुणांवर मिळतो. कॅनडाने गुणपद्धत १९६७मध्ये आणली आणि २०१५पासून ‘एक्स्प्रेस एन्ट्री’ ही ऑनलाइन निवड सुरू केली. एजंटाला पैसे देण्याआधी हे गुण प्रत्येक घराने स्वतः मोजून पाहावेत.

समजा, एक मुलगा २९ वर्षांचा, अविवाहित, एम.टेक. झालेला आणि भारतात तीन वर्षे नोकरी केलेला आहे. वयाचे त्याला ११० आणि पदवीचे १३५ गुण मिळतात. आयईएलटीएस परीक्षेत ऐकण्यात साडेसात आणि वाचन, लेखन, बोलणे यांत साडेसहा मिळाले, तर त्याची बेरीज ३८७ होते. तोच मुलगा ऐकण्यात आठ आणि बाकी तिन्हींत सात मिळवील, तर बेरीज ४६९ होते. प्रत्येक विभागात फक्त अर्धा अंक वाढला आणि ८२ गुण हाती आले! याचे कारण असे की चांगल्या इंग्रजीमुळे पदवी आणि अनुभव यांचेही गुण वाढतात. म्हणून परीक्षा घाईने देऊन ‘पास झालो’ म्हणू नका. चार-सहा महिने रोज ऐकण्याचा आणि लिहिण्याचा सराव करा.

मात्र तिशीनंतर वयाचे गुण दरवर्षी घटत जातात. चाळिशीला ते ५० उरतात आणि पंचेचाळीसला शून्य होतात. तयारी करायची, पण वर्षे घालवायची नाहीत.

४६९ गुणांनीही काम होईलच असे नाही. २०२५मध्ये बहुतेक फेऱ्या ठरावीक गटांसाठीच झाल्या: कॅनडात काम केलेले, प्रांतांनी निवडलेले, फ्रेंच येणारे, तसेच आरोग्य आणि शिक्षण यांसारख्या क्षेत्रांतले. प्रांताने निवडले तर एकदम ६०० गुण मिळतात. चांगले इंग्रजी असताना फ्रेंचच्या चारही विभागांत सातवी पातळी गाठली, तर वरच्या मुलाला आणखी ६२ गुण मिळतील. शिवाय फ्रेंच गटाची सीमा बरीच खाली असते. घरी उर्दू, बाहेर मराठी आणि शाळेत हिंदी-इंग्रजी शिकलेल्या आपल्या मुलांना आणखी एक भाषा जड जाऊ नये. मुंबई-पुण्यात आलियाँस फ्रान्सेझचे वर्ग आहेत. मेहनत वर्ष-दीड वर्षाची आहे, हेही लक्षात ठेवा.

विवाहितांनी एक हिशेब जरूर करावा. अर्ज नवऱ्याच्याच नावाने हवा असा नियम नाही. नवरा ३८ वर्षांचा असेल तर वयाचे ५५ गुण, बायको २९ची असेल तर १००. ती नर्स किंवा शिक्षिका असेल आणि अनुभव असेल, तर मुख्य अर्जदार तिलाच करणे शहाणपणाचे ठरू शकते. लग्नानंतर थांबलेली सुनेची तालीम आणि नोकरी साऱ्या घराचे दार उघडू शकते.

कागदपत्रे लवकर हाती घ्या. गुणपत्रिका, पदवी आणि पासपोर्टवर ‘मोहम्मद’ वेगवेगळ्या स्पेलिंगने असेल तर आधी दुरुस्त करून घ्या. अनुभवपत्रात पद, कामाचे स्वरूप, तास, पगार आणि तारखा असाव्यात. आखाती देशात सहा महिने किंवा अधिक राहिला असाल, तर तिथल्या पोलिसांचा दाखलाही लागतो. निमंत्रण आल्यावर अर्जाला ६० दिवसच मिळतात. दाखवायची रक्कम स्वतःची हवी, उसनी चालत नाही.

आणि कुणी ‘खोटे अनुभवपत्र बनवून देतो’ म्हणाला, तर तिथून उठा. खोटी माहिती उघड झाली की पाच वर्षांची बंदी येते. पैसे घेऊन सल्ला देणारा माणूस कॅनडाचा परवानाधारक सल्लागार किंवा तिथला वकील असावा लागतो. त्याचे नाव अधिकृत यादीत तपासता येते. ‘गॅरंटी’ मात्र कुणीच देऊ शकत नाही. आईचे दागिने मोडण्याआधी एक संध्याकाळ काढा. कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर गुण मोजण्याची सोय मोफत आहे. बेरीज कमी आली, तर कुठे मेहनत घ्यायची ते तरी कळेल.