कवटीची शस्त्रक्रिया झाल्यावर डोक्याची सोनोग्राफी! नव्या प्लेटमुळे मेंदू दिसतो कसा? जाणून घ्या सविस्तर

सोनोग्राफी म्हटलं की गरोदर बाईची तपासणी, नाहीतर मुतखडा, एवढंच डोळ्यापुढे येतं. डोक्याची सोनोग्राफी कुणी ऐकलेली नसते. डोक्याला मार लागला की डॉक्टर सरळ सीटी स्कॅन लिहून देतात. पण कवटीचं काढलेलं हाड पुन्हा बसवताना ठराविक प्रकारची प्लेट वापरली, तर नंतर बाहेरून सोनोग्राफी करून आतला मेंदू बघता येतो. अमेरिकेत काही ठिकाणी डॉक्टर अशी तपासणी करू लागले आहेत, आणि त्यावर संशोधनही जोरात चालू आहे. आपल्याकडे दुचाकीवरून पडून डोक्याला मार लागलेले पेशंट गावोगाव आहेत. त्यामुळे हा विषय त्यांच्या घरच्यांनी समजून घेण्यासारखा आहे.

कवटीचं हाड काढतात कशासाठी?

कवटी म्हणजे चारी बाजूंनी बंद पेटी. पायाला मार लागला तर पाय सुजतो, सूज बाहेर येते. मेंदूला सूज आली, आत रक्त साचलं, तर त्याला बाहेर यायला जागाच नसते. दाब वाढत जातो, मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो आणि जीव धोक्यात येतो. अशा वेळी न्यूरोसर्जन कवटीचा एक मोठा तुकडा काढून ठेवतात. सुजेला जागा मिळते, दाब उतरतो. मोठ्या लकव्यानंतर मेंदू सुजला तरी काही वेळा हेच करावं लागतं.

काढलेलं हाड निर्जंतुक करून अतिथंड फ्रीजरमध्ये ठेवतात. तशी सोय नसेल तर पेशंटच्याच पोटाच्या कातडीखाली ते जपून ठेवतात. सूज पूर्ण उतरली, की काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करून कवटी पुन्हा बंद करतात. यालाच क्रॅनिओप्लास्टी म्हणतात.

स्वतःचं हाड की प्लेट?

शक्य असेल तर पेशंटचं स्वतःचंच हाड परत बसवतात. पण कधी त्या हाडाचे अपघातातच तुकडे झालेले असतात, कधी त्याला जंतुसंसर्ग होतो, कधी बसवलेलं हाड हळूहळू झिजून जातं. मग कृत्रिम प्लेट लागते. त्यात टायटॅनियम धातूची जाळी, पीक नावाचं कडक प्लास्टिक आणि ॲक्रिलिक हे मुख्य प्रकार आहेत. ॲक्रिलिकला डॉक्टर 'पीएमएमए' म्हणतात. दातांची कवळी ज्या जातीच्या ॲक्रिलिकची असते, त्याच जातीचं हे. गुडघा बदलताना जे 'बोन सिमेंट' वापरतात, तेही याच कुळातलं.

मग सोनोग्राफीचा संबंध काय?

सोनोग्राफीत माणसाच्या कानाला ऐकू न येणारा, फार वरच्या पट्टीतला आवाज शरीरात सोडतात. तो आतल्या भागांवर आपटून परत येतो आणि त्यावरून मशीन चित्र तयार करतं. मऊ मांसातून, पाण्यातून हा आवाज नीट जातो. हाड मात्र त्याला अडवतं. मोठ्या माणसाच्या कवटीत बाहेर-आत दोन कडक थर आणि मधे जाळीदार हाड असतं. आवाज त्यातच विखरून जातो, म्हणून मेंदूचं चित्र स्पष्ट येत नाही.

तान्ह्या बाळाचं उदाहरण घ्या. बाळाची टाळू भरलेली नसते, तिथे हाड नसतं, नुसती मऊ कातडी आणि पडदा असतो. म्हणून दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव झाला का, पाणी साचलं का, हे डॉक्टर टाळूवर प्रोब ठेवून सोनोग्राफीनेच बघतात. साधारण दीड वर्षापर्यंत टाळू भरते आणि ही वाट बंद होते.

ॲक्रिलिकची प्लेट ही वाट मोठ्या माणसात पुन्हा उघडून देते. टायटॅनियमवर आवाज बराचसा आपटून मागे फिरतो, ॲक्रिलिकमधून मात्र तो चांगला आत जातो. म्हणजे प्लेट कवटी झाकायचं काम करते आणि खिडकीचंही. वरची कातडी आणि केस आहेत तसेच राहतात. बाहेरून बघणाऱ्याला काही कळतसुद्धा नाही.

पेशंटला फायदा काय?

या ऑपरेशननंतर प्लेटखाली रक्त साचणं, मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या फुगणं असे त्रास होऊ शकतात. ते बघायला पुन्हा पुन्हा सीटी स्कॅन करावं लागतं. दर वेळी क्ष-किरणांचा मारा, दर वेळी पेशंटला स्ट्रेचरवरून हलवणं, आणि डिस्चार्जनंतर असेल तर तालुक्यावरून जिल्ह्याला गाडी करून जाणं. सोनोग्राफीत क्ष-किरण नसतात. मशीन खाटेजवळ आणता येतं आणि चित्र लगेच दिसतं. ज्याच्या मेंदूतल्या पाण्यासाठी नळी बसवली आहे, त्याच्या पोकळ्या वाढल्या की घटल्या, हे वरचेवर बघायला ही पद्धत सोयीची ठरू शकते.

अमेरिकेतला प्रयोग

कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक आणि युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्निया इथल्या शास्त्रज्ञांनी मे २०२४ मध्ये एका पेशंटवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. स्केटबोर्डवरून पडून मेंदूला मार लागलेल्या या माणसाच्या कवटीचा तुकडा काढावा लागला होता. पुढे त्याला ॲक्रिलिकची खास प्लेट बसवली. प्लेट ४ मिलिमीटर जाड, पण त्यातली खिडकी फक्त २ मिलिमीटर जाड ठेवलेली. मेंदूचा जो भाग काम करतो, तिथे रक्त जास्त धावतं. हा रक्तातला बदल शास्त्रज्ञांनी सोनोग्राफीने बाहेरून टिपला. पेशंट स्क्रीनवर ठिपके जोडत असताना आणि गिटार वाजवत असताना मेंदूचा कुठला भाग जागा होतो, ते त्यांना दिसलं. पण हे अजून संशोधनाच्या पातळीवर आहे, रोजच्या तपासणीत आलेलं नाही.

हेही लक्षात ठेवा

- ही सोनोग्राफी सीटी किंवा एमआरआयची जागा घेत नाही. खिडकीसमोर जेवढं येतं तेवढंच दिसतं. पलीकडचा कोपरा सुटू शकतो.
- अपघात नुकताच झाला असेल तर पहिली तपासणी सीटी स्कॅनचीच.
- ज्याला स्वतःचं हाड किंवा टायटॅनियम बसवलं आहे, त्याचं काही बिघडलेलं नाही. फक्त सोनोग्राफीसाठी प्लेट बदलायचं काही कारण नाही.
- ॲक्रिलिक असो की धातू, जंतुसंसर्गाचा धोका प्रत्येक प्लेटला असतो.
- आपल्या देशात सोनोग्राफी मशीनला गर्भलिंग निदान प्रतिबंधक कायदा लागू आहे. त्यामुळे तपासणी नोंदणी असलेल्या केंद्रातच होते.

ऑपरेशनआधी काय विचारावं?

स्वतःचं हाड वापरता येईल का, नाहीतर कुठली प्लेट आणि का, नंतर कुठली तपासणी किती वेळा लागेल, हे घरच्यांनी न्यूरोसर्जनना मोकळेपणाने विचारावं. ऑपरेशन महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतं का, हे दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडून आधीच पक्कं करून घ्यावं. प्लेट कुठली बसवली, हे डिस्चार्ज कार्डावर लिहून घ्यावं. पुढे दुसऱ्या डॉक्टरकडे जायची वेळ आली तर तोच कागद कामाला येतो.

हाड बसवेपर्यंत ती जागा उघडी असते. तिथे धक्का लागू देऊ नये, त्या कुशीवर झोपू नये आणि डॉक्टरांनी सांगितलेलं संरक्षक हेल्मेट घालावं.

ऑपरेशननंतर ताप, जखमेतून पू किंवा पाणी, वाढती सूज, सारख्या उलट्या, झटके, एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, किंवा माणूस गुंगीत जाणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट बघू नये. १०८ ला फोन करावा आणि लगेच दवाखाना गाठावा.

(ही माहिती सर्वसाधारण समजुतीसाठी आहे. उपचाराचा निर्णय तज्ज्ञ डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावा.)