आधी जमीन, मग फुलं

लेखमाला : पडद्यामागचं काम / लेखांक 9

गेल्या लेखांकात विंगा, झालरी आणि सायक्लोरामाचं गणित पाहिलं. आज त्याच गणितात जरा वेगळा आकडा घालू. समजा, चिंचवडच्या प्रा. रामकृष्ण मोरे प्रेक्षागृहात निहोन बुयोचा, म्हणजे जपानच्या पारंपरिक नृत्याचा, प्रयोग ठरला. चाकण-तळेगाव पट्ट्यातल्या जपानी कंपन्या आणि पुण्यात जपानी शिकणारी मंडळी पाहता ही कल्पना फार ओढूनताणून आणलेली नाही. नेपथ्यकाराला सूचना एवढीच : ‘वातावरण तयार करा.’

बहुधा तो मागे एलईडी वॉल लावेल, तिच्यावर फुजी पर्वत दाखवेल, चार कागदी कंदील टांगेल आणि धुराचं मशीन मागवेल. कंपन्यांच्या वार्षिक समारंभांनी ही सवय लावली आहे. माझं मत विचाराल तर यातलं काहीच या नाचाला लागत नाही, आणि धूर तर चक्क धोक्याचा. ते कसं, हे जमिनीपासून सुरुवात केली की कळतं.

या नाचात तळवा बहुतेक वेळ जमिनीवरून सरकत जातो. पायात पांढरे ताबी असतात, अंगठा वेगळा असलेले कापडी मोजे. मधूनच पाय आपटला जातो आणि तो ठोका शेवटच्या रांगेपर्यंत पोचावा लागतो. म्हणून जपानी थिएटरात नाचाआधी मूळ रंगमंचावर हिनोकी लाकडाचे बुटके, गुळगुळीत पाट एकमेकांना भिडवून अंथरतात. या दुसऱ्या मजल्याला शोसाबुताई म्हणतात. खाली पोकळी राहते, म्हणून ठोका घुमतो. नो नाट्याच्या जुन्या रंगमंचांखाली तर आवाजासाठी मातीचे मोठे रांजण ठेवलेले असत.

चिंचवडला हिनोकी कुठून आणायचं? भोसरी-चाकणला पाइनवूड मात्र ढिगानं मिळतं. परदेशातून आलेल्या मशिनांची खोकी, पॅलेट, त्यांवर उष्णता दिल्याचा ‘एचटी’ शिक्का. स्वस्त आणि हलकं म्हणून मोह होतो. पण हे लाकूड मऊ, गाठाळ आणि खिळ्यांनी भरलेलं. त्याची एक कूस ताबीत घुसली की नाच संपला. ते खालच्या सांगाड्याला वापरा. वर चांगला जाड प्लाय, पॉलिश पेपरनं घासलेला, स्क्रूची डोकी आत बुडवून लांबीनं भरलेली. सांध्यावरून बोट फिरवलं तर कळता कामा नये. मग सुती मोजे घालून स्वतः चालून पाहायचं. आपले लोक नाचासाठी रबरी मॅट सुचवतात. ती पाय धरून ठेवते आणि ठोकाही गिळते.

आता धुराचं. ड्राय आइसचा धूर जमिनीलगत राहतो आणि पॉलिश केलेल्या लाकडावर ओल धरतो. सरकत्या पावलाखाली ओल म्हणजे अपघाताला आमंत्रणच.

जमीन झाली की फुलं. उदाहरणाला ‘फुजी मुसुमे’ घेऊ. इथल्या फुजीचा पर्वताशी संबंध नाही. हा जांभळ्या फुलांचा वेल, विस्टेरिया. नृत्य 1826 चं. ओत्सु गावात प्रवाशांना विकल्या जाणाऱ्या लोकचित्रांतली, खांद्यावर फुलांची फांदी घेतलेली मुलगी चित्रातून बाहेर येते, अशी त्याची मूळ कल्पना. 1937 मध्ये काबुकी या जपानी नाट्यप्रकारातले नट सहावे ओनोए किकुगोरो यांनी ती बदलली आणि मुलीला वेलाचाच आत्मा केलं. किकुगोरो अंगानं भरलेले. नेपथ्यकार कोमुरा सेत्ताई यांनी मधोमध अवाढव्य पाइन वृक्ष उभा केला आणि त्यावरून फुलांचे घोस नेहमीच्या कितीतरी पट मोठे करून सोडले. फुलं मोठी झाली, म्हणून माणूस लहान दिसू लागला. एकच वस्तू, पण तिचं माप बदललेलं; नेपथ्याचं इतकं हुशार उत्तर मी दुसरं सांगू शकणार नाही.

त्या खोडाला आणखी एक काम आहे. नर्तक त्याच्या मागे जातो आणि वेश बदलून दुसऱ्या बाजूनं येतो. म्हणजे मागे वेशभूषेचा माणूस, किमोनो आणि उजेड बाहेर न फुटणारा छोटा दिवा मावला पाहिजे. दोन फ्लॅट जोडून, वर कॅनव्हास ताणून खोड बनवणं आपल्या सुतारांच्या हातचा मळ आहे. ते उभं राहिल्यावर बाल्कनीत आणि कडेच्या खुर्च्यांवर बसून आतलं काही दिसतं का, हे तपासा. पहिल्या रांगेच्या मध्यावर बसून सगळं ठीकच दिसतं.

घोस कशाचे करायचे? सजावटीच्या थर्मोकोलवर महाराष्ट्रात 2018 पासून बंदी आहे, आणि ते दिव्यात दिसतंही खोटं. पातळ मलमल जांभळ्या छटांत रंगवून बारीक तारेवर ओवली तर बरं. वर मोठ्या पाकळ्या, टोकाकडे लहान होत गेलेल्या. एक घोस हातात घेतला तर वजन लागत नाही, पण सगळे एका बारवर आले की दोरी ओढणाऱ्याला विचारा! टांगण्याआधी कापडाला अग्निरोधक द्रावण लावा. आणि एसीचा झोत कुठून येतो ते बघा, कारण घोस तालाबाहेर डुलायला लागले तर प्रेक्षक नर्तकाकडे बघत नाहीत.

प्रकाशयोजनेत आपली मंडळी हटकून चुकतात. गूढ म्हणजे निळा आणि अंधारा, असा समज. नर्तकाच्या चेहऱ्यावर पांढऱ्या रंगाचा सपाट लेप असतो. त्यावर जो रंग टाकाल तोच चेहरा होतो. निळा टाकलात तर प्रेत दिसेल. काबुकी परंपरेतला नाच भरपूर, सपाट, स्वच्छ उजेडात चालतो. ‘फुजी मुसुमे’चा चमत्कार सुरुवातीलाच आहे : पूर्ण काळोख, आणि लाकडी टाळीच्या ठोक्यासरशी सगळे दिवे एकदम. अशा वेळी डिमर हळूहळू चढवणाऱ्या ऑपरेटरला तालमीतच हात आवरायला सांगा. ‘बाहेर जायचा मार्ग’ दाखवणारी पाटी विझवता येत नाही, तेव्हा काळोख पुरता होणार नाही; ती विंगेआडून रंगमंचावर उजेड टाकत नाही ना, एवढं पाहा.

‘सागी मुसुमे’, म्हणजे बगळीचं नृत्य (1762), ठरलं तर बर्फ हवा. तिथे कागदाचे तुकडे वर टांगलेल्या बांबूच्या टोपल्यांत भरून दोरीनं हलवतात. पूर्वी ते त्रिकोणी कापत; हवेत गिरक्या घेत उतरत. आपला पांढरा पतंगाचा कागद इथे उत्तम. पण तोच खाली साचून निसरडा होतो, म्हणून किती पाडायचा ते नर्तकानं ठरवावं, आयोजकानं नव्हे.

जाता जाता : फिरता रंगमंच काबुकीत 1758 मध्ये ओसाकाच्या नामिकी शोझोनं आणला. मराठीत तो लोकांच्या डोळ्यांत भरला आचार्य अत्र्यांच्या ‘तो मी नव्हेच’मुळे, 1962 मध्ये. पिंपरीत अत्र्यांच्या नावाचं रंगमंदिर आहे, तिथल्या तंत्रज्ञांना हा धागा आवडावा.

राहता राहिला वेळ. सकाळ, दुपार, रात्र अशा सत्रांत नाट्यगृह मिळतं. आधीच्या नाटकाचा सेट टेम्पोत चढेपर्यंत आपले तास कमी होत जातात. हाताशी वेळ अगदीच तुटपुंजा असेल तर वृक्ष सोडा, बर्फ सोडा, आणि मागे सहा फळ्यांचा सोनेरी पडदा उभा करा. किमोनो-हाकामात, रंगभूषेशिवाय केलेल्या ‘सु-ओदोरी’ला तेवढं चालतं, जपानमध्येही चालतं. फक्त गणपतीच्या मखराचं बेगड लावू नका, दिव्यात त्याचे डाग चमकतात. मॅट सोनेरी कागद घ्या. पाट मात्र कापायचे नाहीत. आयोजकानं घासाघीस सुरू केली तर हे अंदाजपत्रकात पहिल्या ओळीवर लिहून ठेवा, शेवटच्या ओळी आधी कापल्या जातात.

(पुढील लेखांकात : काळ्या कपड्यातले कुरोको आणि आपले बॅकस्टेजवाले)